सुरतचा रुपचंद

हेमराजने आयुष्यात कुठली गाडी चुकवली नव्हती आणि चुकवणाऱ्यांची त्याला कधी दयाही आली नव्हती. धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून त्याने सव्वीस वर्षं काढली. धापा टाकत आलेल्या माणसाला "गेली" एवढंच सांगायचं, तेही मान वर न करता, अशी त्याची ख्याती. असल्या माणसाने अंदमानच्या सहलीचा कारभार हातात घेतल्यावर घरात दुसऱ्या कुणाचं काही चालणार नव्हतं.

सहल खरी कामिनीची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिला वणी आणि शिर्डी यांपलीकडे काही दाखवलं नव्हतं. तीही डेपोची माणसं जमवून, एकाच दिवसात जाऊन-येऊन. या खेपेला मुलीने, डिंपलने, हट्ट धरला. बेट हवं, समुद्राकाठचा रिसॉर्ट हवा, नारळाच्या झाडाला बांधलेला झोपाळा हवा. हेमराज आधी कुरकुरला. मग त्याने एक कोरी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि त्या दिवसापासून तो माणूस वहीतच राहायला गेला.

शुक्रवार, सतरा एप्रिल. सकाळी अकराला धुळ्यातून भाड्याची गाडी, सव्वाबाराला चाळीसगाव. सव्वादोनची रेल्वे. रात्री मुंबईत विमानतळाजवळ मुक्काम. पहाटेचं विमान, चेन्नईला बदली, अकराला अंदमान. दोनची बोट. बोटीचं दार अर्धा तास आधी बंद होतं, म्हणून एक वाजताच धक्क्यावर हजर. साडेतीनला बेट, तिथून रिसॉर्टची गाडी. प्रत्येक सांध्यावर त्याने लाल शाईने 'राखीव' असं लिहून तास-दीड तास सोडला होता. विमानाला उशीर झाला तर बोट चुकू नये, रेल्वे रखडली तर विमान चुकू नये. ती वही तो शेजाऱ्यांनाही दाखवायचा.

तिकिटं डिसेंबरातच काढून झाली होती, पैसे परत न मिळणारी, म्हणून स्वस्त. नवं कॅलेंडर आलं जानेवारीत. कामिनीने ते खिळ्याला अडकवलं, सवयीने एप्रिलचं पान उघडलं आणि तिथेच थांबली.

"अहो, आखाजी एकोणीस एप्रिलला आहे."

हेमराज हसला. आखाजी एप्रिलच्या मध्याला कशी असेल? गेल्या वर्षी तीस एप्रिलला होती, त्याच्या आदल्या वर्षी दहा मेला. त्याने उठून पाहिलं. रविवार, एकोणीस. कधी दहा-अकरा दिवस मागे, कधी अधिक महिन्यामुळे पुढे सरकणारा सण त्याने एखाद्या बसफेरीसारखा तारखेला बांधून टाकला होता. साऱ्या जिल्ह्याची वेळापत्रकं ज्याच्या जिभेवर, त्याने हा घोटाळा करावा!

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात; पण आखाजी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला सासरची लेक माहेरी आलीच पाहिजे. आणि ती आपल्या पायाने येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला घ्यायला जातं. त्याला म्हणतात मुराळी. मुराळी आला नाही तर लेक उंबरठा ओलांडत नाही, कारण न बोलावता गेलेल्या लेकीला माहेरवाशीण कोण म्हणणार? सणाच्या दिवशी घरात पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, गेलेल्यांची नावं घेऊन पाणी द्यायचं. मग पुरणपोळी आणि आंब्याचा रस.

हेमराजला एकच बहीण, पुष्पाबाई. बारा वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. भडगावजवळच्या खेड्यात दिलेली. आबा गेल्यापासून एकवीस वर्षं तिचा मुराळी हेमराजच होता, एकदाही खाडा नाही. आणि यात एक गोष्ट अशी होती, जी हेमराजला सहसा आठवायची नसे. आबांच्या मागे शेताच्या हक्कसोडीवर अक्काने न वाचता सही केली होती. ते शेत विकूनच धुळ्याचं घर उभं राहिलं. सही करून झाल्यावर अक्का पदराने बोटाची शाई पुसत म्हणाली होती, "माले काय नही पायजे, भाऊ. फक्त आखाजीले घेवाले येत जाय."

एवढंच मागितलं होतं तिने, आणि आता तेच नेमकं जमत नव्हतं.

"अक्कांना खरं ते सांगून टाका," कामिनी म्हणाली. "चूक झाली म्हणा. ओरडतील आणि विसरतील."

"सांगतो," हेमराज म्हणाला.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सांगतो-सांगतो करत मार्चही संपला. दर वेळी फोन हातात घेतला की त्याला शब्द ऐकू यायचे: अक्का, आम्ही बेटावर मजा करायला चाललोय, तुझं माहेर कुलूप लावून. हे कुठल्या तोंडाने बोलायचं? भित्रा माणूस भित्रा असतो, पण वेळेचा पक्का असलेला भित्रा माणूस फार वाईट. तो खोटंसुद्धा वेळापत्रक आखून बोलतो.

त्याला सुतक सुचलं.

भाऊबंदकीत कुणी वारलं तर दहा दिवस सुतक, आणि सुतकात सण नाही, घागर नाही, मुराळी नाही. कुणाचा अपमान नाही, कुणावर बोल नाही. फक्त एक माणूस मरायला हवा होता, आणि तो योग्य तारखेला. फार आधी मारला तर आखाजीपर्यंत सुतक फिटून जाणार, फार उशिरा मारला तर अक्का पिशवी भरून बसलेली असणार. हेमराजने वहीच्या मागच्या पानावर दिवस मोजले. बारा एप्रिलला मृत्यू, तेराला फोन, एकवीसला दहावा. दोन दिवसांची राखीव वेळसुद्धा ठेवली. सुरतेला निम्मा खानदेश पोटासाठी गेलेला, तिथला भाऊबंद कुणी पाहायला जात नाही. म्हणून माणूस सुरतचा केला आणि नाव ठेवलं रुपचंद.

तेरा एप्रिलला त्याने नियंत्रण कक्षातूनच फोन लावला.

"अक्का, आपला सुरतना रुपचंदभाऊ वारनात."

"कोन रुपचंद?"

"आबास्ना चुलत चुलतभाऊना पोऱ्या. तुले नही आठवनार."

मग अक्काने विचारलं, "कितलं वय व्हतं रे?"

वयाचा विचार त्याने केला नव्हता. "बावन्न," तो म्हणाला. ते त्याचं स्वतःचं वय होतं.

"पोरेसोरे?"

"एक पोर शे. लगननी."

"अरे देवा," अक्का म्हणाली आणि तिला रडू फुटलं. उगाच गळा काढणं नव्हे. नाक ओढत, थांबत, ओळखीच्या माणसासाठी रडावं तसं. हेमराज खिडकीतून फलाटावरची साक्रीची गाडी पाहत राहिला.

"मंग यंदा घागर नही?"

"नही, अक्का. नि मी येऊ बी नही शकत."

"बरं," ती म्हणाली. "तू तब्येत सांभाळ."

काम फत्ते झालं होतं. डिंपल बॅगा भरत होती, कामिनी पहिल्यांदाच गॉगल लावून आरशात पाहून लाजत होती, आणि हा कोपऱ्यात बसून मेलेल्या रुपचंदच्या लग्नाच्या वयाच्या पोरीचा विचार करायचा. कामिनीला त्याने एवढंच सांगितलं, "अक्काला कळवलं. ती काही बोलली नाही." तेही एका अर्थी खरंच होतं.

सतरा तारखेला बरोब्बर अकराला गाडी निघाली. डिंपलने तिघांसाठी सारखे कपडे शिवून घेतले होते, निळ्या कापडावर हिरवी नारळाची झाडं. हेमराजचा शर्ट तर इतका भडक होता की कोपऱ्यावरचा पानवाला उठून उभा राहिला. पावणेबाराला मेहुणबारे मागे पडलं आणि फोन वाजला. अक्का.

"भाऊ, मी निंघनू."

"कोठे?"

"धुये. इचार करा मी रातभर. सुतक तुमले शे, माले नही. पोर दिन्ही म्हंजे पराया घरनी. मंग आई-आबा पानीबिगर काबर ऱ्हावोत? घागर मी भरसू तुन्हा घर. पोरनी भरी तं काय पानी खारं व्हस?"

"अक्का, आइक..."

"मुराळीनी वाट नही दखी मी. सुतकमा मुराळी कोठला? गाडीमा बसनू. बॅटरी उतरी जाई, ठेवस." आणि तिने नेहमीप्रमाणे फोन बंदच करून टाकला.

भडगावची पावणेबाराची गाडी. चाळीसगाव स्टँडला एक वाजता. तिथून धुळ्याची एक वीसला. अक्का तीनच्या सुमाराला त्यांच्या दाराशी पोचणार होती, बंद कुलपासमोर. हे सगळं हेमराजच्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं, आणि मांडून झाल्यावर त्याने मागे वळून कामिनीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. रुपचंदसकट.

कामिनीने गॉगल काढला. "माणूस मारलात तुम्ही?" एवढंच ती म्हणाली आणि स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. डिंपलने कानातल्या तारा काढल्या आणि पुन्हा घातल्या.

चाळीसगावला दोघींना सामानासह फलाटावर बसवून हेमराज स्टँडकडे निघाला. खिशात घराची किल्ली घेतली. किल्ली द्यायची, काहीतरी सांगायचं, परतायचं. सव्वादोनला अवकाश होता. निघता निघता त्याची नजर स्वतःच्या शर्टावर गेली. सुतकातला माणूस नारळाची झाडं घालून कसा जाणार? त्याने ड्रायव्हरचा टॉवेल मागून घेतला आणि अंगाभोवती गुंडाळला. एप्रिलचं ऊन असं होतं की कुणालाही ते वावगं वाटलं नाही.

भडगावची गाडी एक वाजून चार मिनिटांनी लागली. अक्का शेवटी उतरली. नेहमी आखाजीला ती हिरवं लुगडं नेसून, तेल-वेणी करून यायची. आज जुनं, विटलेलं लुगडं होतं, केस कोरडे, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं डांगर. समोर भाऊ दिसला आणि तिचा चेहरा असा उजळला की हेमराजला मागच्या मागे पळून जावंसं वाटलं.

"तू उना!" ती म्हणाली. "सुतकमा बी घेवाले उना!"

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"चाल. यंदा तीन घागरी भरसू. आईनी, आबानी नि रुपचंदनी. नवा मरेल शे तो, तेले पहिलं पानी. गिरना नदीना पात्रमातलं डांगर शे, गोड निंघी." आणि मग आवाज उतरवून, "तेन्हा करता मी पाच दिन डोकाले तेल लायं नही. सुतक नही माले, तरीबी. तेन्ही पोरना इचार येस."

किल्ली खिशातच राहिली. हेमराजने पुष्कळ काही सहन केलं असतं, पण नसलेल्या माणसाच्या नावाने अक्का पाणी देणार, आबांच्याही आधी देणार, हे त्याला सोसेना.

"अक्का," तो म्हणाला, "कोनीच मरेल नही."

"म्हंजे?"

"रुपचंद म्हनीसन कोनी नही. मी खोटं बोलनू. आम्ही अंदमानले जाई ऱ्हायनूत. तारीख चुकनी, नि तुले सांगानी हिंमत नही व्हयनी."

टॉवेल कधी सरकला ते त्याला कळलं नाही. अक्का त्याच्या शर्टाकडे पाहत होती. तिने एका झाडावर बोट ठेवलं.

"या नारयना झाडे शेतस का?"

"हा."

"मंग मी कोनाकरता रडनू रे?"

फलाटावर पाचोऱ्याची गाडी लागत असल्याची सूचना झाली. दोघंही ती संपेपर्यंत उभी राहिली.

"ही किल्ली घे," हेमराज घाईने म्हणाला. "नही तं मीच येस तुन्हासंगे. धुयानी गाडी लागेल शे. त्या दोन्हीजनी जातीन पुढे."

अक्काने किल्लीला हात लावला नाही.

"सुतक व्हतं म्हनीसन मी मुराळी नसताना निंघनू," ती सावकाश म्हणाली, स्वतःलाच समजावल्यासारखी. "गावमा बठ्ठासले तसंच सांगं. भाऊले सुतक शे, नही तं तो येताच. आते सुतक नही. मंग मी कोन म्हनीसन जाऊ तठे?"

तेव्हा हेमराजला कळलं की आपण काय केलं. खोटं बोलून त्याने तिला फसवलं होतं खरं, पण त्या खोट्यातही तिने माहेरी जाण्याची एक मानाची वाट शोधून काढली होती. आता खरं बोलून त्याने तीही बुजवली. आणि खरं बोललो ते तिच्यासाठी नव्हे, स्वतःला हलकं वाटावं म्हणून बोललो, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

"मी येस ना संगे. मी मुराळी."

"कामिनी कोठे शे?"

"टेशनवर."

"तिन्ही गाडी कितला वाजानी?"

"सव्वादोन."

"मंग जाय. तिन्हं काय चुकनं? पंचवीस साल मन्ही आखाजी तिनी रांधी. एक साल तिले दख." तिने डांगर त्याच्या हातात ठेवलं. "घागर तू भर. सुतक नही ना तुले."

एक तीसला भडगावची गाडी होती. तिला विचारावं लागलं नाही, त्यालाही सांगावं लागलं नाही. त्याने पिशवी आत ठेवली, खिडकीजवळची जागा पुसून दिली. अक्का बसली. गाडी अगदी वेळेवर सुटली. आयुष्यात पहिल्यांदा हेमराजला एखादी गाडी रखडावी असं वाटलं.

पुढचं सगळं वहीप्रमाणे झालं. रेल्वे वेळेवर, विमान वेळेवर. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून डांगर गेलं तेव्हा शिपायाने ते हातात घेऊन वास घेतला आणि हसून परत दिलं. बोटीत ते कामिनीने मांडीवर धरलं होतं. ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती, पण डांगर मात्र तिने एकदाही खाली ठेवलं नाही. राखीव ठेवलेला सगळा वेळ शिल्लक राहिला, आणि तो हेमराजने बाकांवर बसून काढला. बेट सुंदर होतं. डिंपलला तिचा झोपाळाही मिळाला. आखाजीला खानदेशात पोरीबाळी झाडांना झोके बांधतात, ते आठवून हेमराजने तिकडे पाहणं टाळलं.

एकोणिसाला सकाळी त्याने रिसॉर्टच्या माणसाकडून पाण्याचा एक मोठा जग मागून घेतला. घागर नव्हती. जग भरला, खोलीबाहेरच्या पायरीवर ठेवला, वर डांगर ठेवलं. कामिनी डोक्यावरून ओढणी घेऊन बाजूला उभी राहिली. आईचं नाव घेतलं, आबांचं घेतलं, पाणी सोडलं. समोर एवढा समुद्र पसरलेला, आणि हाताने सोडलेलं पाणी वाळूत लगेच दिसेनासं झालं.

मग त्याने अक्काला फोन लावला. ती उचलणार नाही असं त्याला वाटत होतं. तिने दुसऱ्या घंटेला उचलला.

"भरी का घागर?"

"भरी, अक्का. आईनी नि आबानी."

"बरं व्हयनं." मागे तिच्या सुनेचा आवाज, भांड्यांचा आवाज. "मीबी भरी अठे एक."

"कोनी?"

"रुपचंदनी."

हेमराजला वाटलं ती टोमणा मारतेय. पण आवाजात टोमणा नव्हता.

"पाच दिन रडेल शे मी तेन्हाकरता," अक्का म्हणाली. "बावन्न वरीसना मन्हा भाऊ व्हता तो. पानी देनं पडस."

मागून कुणीतरी तिला पोळ्यांसाठी हाक मारली. "उन्हमा फिरू नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेनऊला बेटाभोवतीच्या बोटीच्या फेरीसाठी डिंपलने हाका मारल्या, मग बोटवाल्याने मारल्या. हेमराज पायरीवरून उठला नाही. बोट त्याला सोडून गेली.